आकूने दिलेली वाटी

खिंड उतरून येणाऱ्या प्रत्येकाला ल्हामूच्या लॉजमध्ये पहिला चहा फुकट असे. मोबदल्यात ती एकच प्रश्न विचारी. वर कुठे एक माणूस दिसला का? उंच, डावी भुवई तुटलेली, पाठीवर निळा बोजा. थंडीने ओठ फुटलेले परदेशी पाहुणे 'नाही' म्हणत. ती मान डोलावून बटाटे सोलायला बसे, जणू 'अजून नाही' असंच ऐकलं होतं.

तो माणूस म्हणजे तिचा नवरा ग्यालजेन. दोन हिवाळ्यांपूर्वी पाहुण्यांना खिंडीपलीकडच्या गावी पोचवून तो एकटाच परत निघाला. त्या दुपारी आभाळ जे खाली आलं, ते तीन दिवस वर गेलंच नाही. गावाने बर्फ उकरला, काठ्या खुपसून पाहिल्या. हाती काही लागलं नाही. प्रेत नाही, मग गेला कशावरून? ल्हामूचा हा सवाल कोणाला खोडता आला नाही.

गावाचा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीने टांगणीला लागला होता. माणूस गेला की लामांनी एकोणपन्नास दिवस पाठ म्हणून त्याला पुढची वाट दाखवायची असते. नाहीतर जीव भटकत राहतो, पुढचा जन्म मिळत नाही. आणि घरच्या बाईने 'गेला' म्हटल्याशिवाय पोथी उघडायची तरी कशी?

म्हणून लोक छांगेचे, घरी आंबवलेल्या दारूचे, घडे घेऊन येऊ लागले. खुंबूच्या खोऱ्यात मोठी मागणी कोणी कोरड्या तोंडाने करत नाही. आधी छांग पुढे करायची, समोरच्याने ती प्यायली की मग तोंड उघडायचं. प्यायलेल्याला नकार देता येत नाही. ल्हामू हे पुरतं जाणून होती. जाऊ घडा घेऊन आली, तर हिचं पोट बिघडलेलं. मामा आला, तर दाढ ठणकतेय. नव्या वर्षाच्या सणालाही तिने कोणाकडे घोट घेतला नाही. शेजारीण म्हणालीच, "दिदी, बत्तीसच्या बत्तीस दुखून झाले की ग. आता दात कुणाचे उसने आणणार?" ल्हामू हसली, पण ओठ मिटूनच.

त्या वैशाखात तिचा याक लंगडत होता. खालच्या बाजारातून तांदळाचं पोतं तिने स्वतःच पाठीवर घेतलं, कपाळाला पट्टा लावला आणि चढणीला लागली. मधल्या गावात ग्यालजेनच्या चुलत्याचं, आकू तेम्बाचं लॉज होतं. तिथवर येईतो डोळ्यांपुढे अंधारी आली. दाराजवळच्या बाकावर ती कोसळली. कोणीतरी हातात वाटी दिली. तिने डोळे मिटूनच ती एका दमात रिकामी केली.

आंबूस चव जिभेला कळली तेव्हा उशीर झाला होता. तिने डोळे उघडले. वाटीच्या काठाला रीतीप्रमाणे लोणी लावलेलं होतं. समोर आकू तेम्बा उभा होता, टोपी काढून.

"आकू, दमलेल्या माणसाला फसवलंत."

"फसवलं," म्हातारा म्हणाला. "धड असतीस, तर प्यायली असतीस?"

तिने कपाळावरचा पट्टा काढला.

"पोरी, त्याला खांद्यावर बसवून ही वाट मी दाखवली. तुला वाटतं, तू त्याला जिवंत ठेवलंयस. तू त्याला खिंडीत उभं ठेवलंयस. ना इकडे, ना तिकडे. दोन हिवाळे थंडीत उभा आहे तो."

थंडीत. हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिचा ग्यालजेन पलीकडच्या कुठल्याशा स्वयंपाकघरात होता, चुलीजवळ, नाव-गाव विसरलेला, पण उबेत. रोज झोपताना ती त्याला तिथे बसलेला पाही. आज चूल दिसेना. नुसता वारा दिसला.

रीतीने वाटी तीनदा भरतात. पहिली कपटाने पाजली म्हणून ती उठून गेली असती, तर गावानेही तिचीच बाजू घेतली असती. आकूलाही ते ठाऊक होतं. तरी त्याने घडा उचलून धरला.

ल्हामूने वाटी पुढे केली. "भरा."

दुसरी तिने सावकाश प्यायली. तिसरी हातात धरून विचारलं, पाठ कधी बसवणार. पौर्णिमेला, आकू म्हणाला. नऊ दिवस होते. पाठ सुरू झाला की मेलेल्याचं नाव घरात कोणी घेत नाही. हाकेने तो मागे वळेल, अशी भीती असते.

"मग नऊ दिवस मी नाव घेणार," ती म्हणाली. "मोठ्याने. कोणी मला गप्प करायचं नाही."

"कोणी नाही करणार, पोरी." म्हातारा आता उघडउघड रडत होता.

तिसरी वाटी रिकामी झाली.

नऊ दिवस ती खिंडीकडे तोंड करून हाका मारत होती. ओझी वाहणारे वाटेत थबकत, टोप्या काढत, पुढे जात. शेवटी शेवटी घसा इतका बसला, की नुसते ओठ हलत. दहाव्या दिवशी सकाळी अंगणात लामांची लांब शिंगं वाजली. ल्हामू आत आली, पहिल्या ओळीत बसली आणि तिने तोंड मिटून घेतलं.