दुसऱ्या पायाचं माप

टेप मी पुन्हा उलगडला आणि रऊफभाईंच्या उजव्या मांडीला लावला. आकडा तोच आला. सहा आठवड्यांत मांडी सहा सेंटीमीटरनं उतरली होती, पोटरी चारनं. मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिग्रसला हाडांच्या एका हॉस्पिटलमध्ये काम करते. हत्तीरोगाचा पाय इतक्या झपाट्यानं उतरलेला मी बारा वर्षांच्या नोकरीत पाहिला नव्हता. अशा वेळी शहाण्या माणसाला शंका यायला हवी. मला आनंद झाला.

"किती उतरला, मॅडम?" रऊफभाईंनी झोपल्या झोपल्या विचारलं.

"सहा."

"मंग बूट जाईन का?"

"न जायला काय झालं!"

या बुटावर त्यांची नोकरी अडली होती. रऊफभाई एका जिनिंग फॅक्टरीत फिटर. जिनिंगमध्ये कापसातून सरकी वेगळी काढतात आणि उरलेली रुई हायड्रॉलिक प्रेसमध्ये दाबून तिच्या गाठी बांधतात. ती प्रेस सांभाळणं हे त्यांचं काम, आणि तीस वर्षं त्यांनी ते चपलेवर केलं. पण मागचे दोन-तीन हंगाम बोंडअळीनं कापसाची दाणादाण उडवली होती. जिनिंग अर्धा हंगाम बंदच राही. शेठनं ठरवलं, यंदा दोनऐवजी एकच फिटर ठेवायचा. त्यात विमावाल्यांनी अट घातली की सेफ्टी शूजशिवाय शेडमध्ये कुणीही पाऊल टाकायचं नाही. रऊफभाईंना नऊ नंबरचा, पुढे लोखंडी टोपी असलेला जोड मिळाला. डावा पाय सरळ आत जाई, उजवा अर्ध्यात अडकून बसे. दसऱ्याला हंगाम सुरू होणार होता. तोवर बूट गेला तर रऊफभाई राहणार, नाहीतर दुसरा फिटर.

त्यांच्यावर मी जो उपचार करत होते, त्याला लिम्फॅटिक ड्रेनेज मसाज म्हणतात. आपल्या अंगात रक्ताशिवाय आणखी एक पाणी बारीक नळ्यांमधून फिरत असतं, त्याला लिम्फ म्हणतात. हत्तीरोगात त्या नळ्या खराब होतात आणि पाणी पायात साचतं. मसाजनं ते धडधाकट नळ्यांकडे वळवायचं आणि वर बँडेज बांधायचं. या नळ्या कातडीच्या लगेच खाली असतात, म्हणून हात अगदी हलका ठेवावा लागतो. आमच्याकडे मसाज म्हणजे तेल, दोन पैलवानी हात आणि पेशंटचं "आई गं". माझा हलका हात पाहून लोकांना वाटतं, मॅडम आज जेवून आलेल्या दिसत नाहीत. आणि दुसरी अडचण अशी की सुरुवात पायापासून करायचीच नाही. आधी मान, मग पोट, मग जांघ, आणि शेवटी पाय.

मी पुरुष पेशंटवर उपचार करताना घरचं माणूस जवळ बसवते. इथे नसीमभाभी, म्हणजे रऊफभाईंची बायको, रोज स्टुलावर बसून सगळं न्याहाळत. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "पाय सुजला, अन् मॅडम मान कुरवाळून राह्यल्या!"

"तू चूप राय," रऊफभाई म्हणाले. "पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवला अन् मांगून प्रेशर देलं त तेल जाईन कुठं? पाइप फुटन."

कॉलेजात हीच गोष्ट समजायला मला एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं. त्या दिवसापासून ते माझे लाडके पेशंट झाले.

दर शनिवारी मी माप घेई आणि दर शनिवारी आकडा खाली येई. मी तक्ता करून भिंतीवर लावला. आमचे मोठे डॉक्टर भोयर सर येता-जाता त्याच्याकडे पाहत. यवतमाळला डॉक्टरांची महिन्याची मीटिंग असते, तिथे ही केस मी सांगावी असं त्यांनीच सुचवलं. मी लगेच स्लाइड्स केल्या. आधीचा पाय, नंतरचा पाय, आणि शेवटच्या स्लाइडवर माझ्या दोन हातांचा फोटो. हे हातांचं कुणी सुचवलं नव्हतं, मलाच सुचलं.

पाचव्या आठवड्यात नसीमभाभींनी मला दारातच गाठलं होतं.

"मॅडम, तुमी यांच्या पोटावर काय करून राह्यल्या?"

"हलका मसाज. काय झालं भाभी?"

"यांची भूक बंद झाली. परवा मटन केलं, त वास आला अन् उठून आंगनात गेले. तीस वर्सांच्या संसारात असं कधी झालं नाही. पोटाचा कोणता व्हॉल्व्ह बंद करून टाकला तुमी? खोला तो!"

रऊफभाई छताचा पंखा पाहत होते. मी भाभींना समजावलं की लिम्फचा प्रवाह सुधारला की शरीर हलकं होतं आणि अन्नाची गरज आपोआप घटते. हे वाक्य मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नव्हतं. पण इतक्या ठामपणे म्हटलं की माझं मलाच पटलं.

तर सहा सेंटीमीटर उतरल्यावर, पुढच्या सोमवारी, रऊफभाई बूट घेऊन आले. मी लेस पूर्ण सैल केली. त्यांनी पाय घातला, टाच आपटली आणि बूट गेला. भाभींनी नवऱ्यावरून हात ओवाळून आपल्या कानशिलावर बोटं मोडली. मी धावत जाऊन भोयर सरांना बोलावून आणलं. प्रेसच्या जिन्यावर चढता आलं पाहिजे, म्हणून रऊफभाई हॉस्पिटलचा जिना चढून दाखवायला निघाले. चार पायऱ्या चढले. पाचवीवर त्यांचा हात कठड्यावरून सुटला आणि ते मटकन खाली बसले. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

सरांनी तिथेच बीपी घेतलं. फार कमी होतं. जीभ कोरडी पडली होती.

"सकाळपासून काय खाल्लं?" सरांनी विचारलं.

"काई नाही."

"आणि काल?"

"थोडी खिचडी. ते बी उलटून पडली."

त्यांना कॉटवर झोपवून सलाईन लावलं. मग सर माझ्या तक्त्यासमोर जाऊन उभे राहिले. "हे उजव्या पायाचं झालं. डाव्याचं माप कुठं आहे?"

"सर, डावा पाय चांगला आहे."

"म्हणूनच विचारतोय."

पहिल्या दिवशी मी डावा पाय मोजला होता. त्यापुढे तो रकाना कोराच होता. आता टेप लावला. ज्या डाव्या पायाला मी बोटही लावलं नव्हतं, त्याची मांडी चारनं आणि पोटरी तीननं उतरली होती. म्हणजे माझ्या हातांची कमाई मांडीला दोन आणि पोटरीला एक. बाकी सगळा माणूसच वाळला होता, दोन्ही बाजूंनी सारखा.

"रऊफभाई, काही औषध सुरू आहे का?" मी विचारलं.

"बीपीची गोळी. ते त तुमाले सांगतलं व्हतं."

"त्याशिवाय?"

"औषध नाही," ते म्हणाले. "सुई हाये."

भाभी स्टुलावरून उठल्या. "कोणती सुई?"

"ते फ्रिजमंधी अंड्याच्या मांगं ठेवली ना..."

"ते त प्रेसचा पार्ट हाये म्हने! थंड जागी ठेवा लागते म्हने! अन् मी रोज त्याले पुसून ठेवून राह्यली!"

तो पार्ट म्हणजे वजन कमी करण्याच्या इंजेक्शनचं पेन होतं. आठवड्यातून एकदा पोटाला टोचायचं. आधी शेठनं स्वतःसाठी आणलं होतं. मी शेठला फोन लावला.

"हो मॅडम, मीच देलं," ते म्हणाले. "मले उलट्या होऊन राहिल्या होत्या, डॉक्टरनं बंद केलं. सील पॅक पेन उरले होते. चांगला माल फेकाचा कायले?"

"शेठजी, तो काय दिवाळीचा फराळ आहे का वाटायला?"

"मी त भल्यासाठीच देलं. मीच बारीक होऊन राह्यलो त याचा पाय काहून नाही होनार? मॅडम, असा फिटर मले पुन्हा भेटन का? कसंबी करून त्याचा बूट गेला पायजे व्हता."

यावर मला रागावता येईना. सरांनी फोन घेऊन समजावलं. हे इंजेक्शन ज्याला तपासून दिलं त्यानंच, डॉक्टरच्या नजरेखाली घ्यायचं. त्यानं भूक कमी होते, वजन उतरतं. पायात साचलेलं पाणी म्हणजे चरबी नव्हे. शेठनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मॅडमचं ते मसाज पोटासाठी होते का?"

रऊफभाई दोन दिवस आमच्याकडे राहिले. मला खरी भीती नंतर वाटली. हीच भोवळ त्यांना प्रेसच्या जिन्यावर आली असती तर? आणि तिथे चढायला पाय फिट आहे असं मीच लिहून देणार होते. शरम याची वाटली की इतक्या दिवसांत खरी खबर एकट्या भाभींनी आणली होती आणि मी त्यांना लेक्चर दिलं होतं. मी त्यांची माफी मागितली.

"ते ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "यांची भूक कधी खुलन ते सांगा."

तीन आठवड्यांत भूक खुलली. मटण पुन्हा सुरू झालं आणि दोन्ही पायांवर मांस चढलं. दसरा दहा दिवसांवर आला तेव्हा बूट पुन्हा अर्ध्यात अडकला. मी मसाज केला, बँडेज बदललं, लेस काढून टाकली. काही उपयोग नाही. मी आणि सर त्या बुटाभोवती उभे होतो, रऊफभाई कॉटवर बसले होते. सर म्हणाले, अजून दोन महिने मिळाले असते तर. तीस वर्षं गाठी बांधलेले रऊफभाईंचे हात मांडीवर नुसते पडून होते. मला फार वाईट वाटलं.

"एक सांगू का?" स्टुलावरून आवाज आला. "यांच्या पायजम्याचा उजवा पाय मी आठ वर्सांपासून मोठाच शिवून राह्यली. मंग बूट कायले दोन्ही सारखेच पायजे?"

तो पायजमा गेले दोन महिने रोज माझ्यासमोर होता. उजवा पाय ढगळ, डावा बेताचा. बँडेजवर तो सहज चढतो म्हणून मी भाभींचं कौतुकही केलं होतं.

शेठनं त्याच दिवशी अकरा नंबरचा आणखी एक जोड आणवला. उजव्या पायात अकरा, डाव्यात नऊ. बँडेजसकट पाय आत गेला. दसऱ्याला रऊफभाई प्रेसवर चढले आणि हंगामाची पहिली गाठ त्यांनीच बांधली. शेठ पेढे घेऊन आले आणि पोटाच्या मसाजचं पुन्हा विचारून गेले. मी त्यांना रोज तासभर चालायला सांगितलं. तेव्हापासून ते मला टाळतात.

यवतमाळच्या मीटिंगमध्ये मी ही केस सांगितली. हातांची स्लाइड काढून टाकली आणि तिथे तो कोरा रकाना लावला.

उरलेले दोन बूट, डावा अकरा आणि उजवा नऊ, माझ्या टेबलावर असतात. नवीन मुली शिकायला आल्या की पहिल्यांदा त्यांच्याबद्दलच विचारतात. मी त्यांना सांगते, दर वेळी आधी चांगल्या पायाचं माप घ्या. आणि पेशंटचा पायजमा ज्या बाईनं शिवलाय, तिच्याशी बोलल्याशिवाय उपचार सुरू करू नका.