वसंतशेठची चाळीस जणांची सेना

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवायचा? वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसावर, की डीपीला वाघ लावलेल्या अनोळख्यावर? मी भिवंडीत सूत विकतो. दुकानात माणसं चहा पितात आणि किस्से ठेवून जातात. हल्ली निम्मे किस्से एकट्या वसंतशेठचे!

*

कामतघरला त्यांचे चोवीस लूम. आमच्या सुताच्या भावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते रोज "परक्यांना हाकला" टाकू लागले. अॅडमिननं त्यांना ग्रुपमधून काढलं.

"सत्य दाबतात!" शेठ माझ्याकडे येऊन गरजले.

"शेठ, तो भाव विचारायचा ग्रुप आहे."

"म्हणजे तूही त्यांच्यातलाच!"

*

मग त्यांना एक नवं अॅप सापडलं. तिथं कुणी कुणाला काढत नाही, खरं नाव कुणी लावत नाही. शेठनी 'सेना' काढली, मलाही ओढलं. वीस माणसं आणली की 'सेनापती'! महिन्याभरात शेठ सेनापती. त्यांचा खारबावचा मेव्हणा दिगंबर, तोही सेनापती!

*

तिथं एकानं 'बहिष्कार' म्हटलं की दुसरा विचारायचा, "एवढंच?" मी एकदा लिहिलं, "पुरावा काय?" पाच मिनिटांत अकरा जणांनी मला गद्दार ठरवलं. इतकी तत्पर सर्व्हिस मी धंद्यात पाहिली नाही!

*

एके दिवशी ठराव पास झाला: परके कामगार काढा. शेठकडे परप्रांतातला रफिकभाई वीस वर्षं जॉबर. आवाजावरून लूमचा बिघाड सांगणारा. घरी तीन मुली शाळेत.

"माझं काही नाही रे," शेठ त्याला म्हणाले, "पण चाळीस जणांचा दबाव आहे."

"ठीक है सेठ. उन चालीस में से एक को भेज देना, चार नंबर बंद पड़ा है."

आठवड्यात नऊ लूम बंद!

*

तरी शेठनी वज्रेश्वरीला मेळावा ठरवला. गाडी माझी. गद्दाराची गाडी चालते! चाळीस मिसळ सांगून ठेवल्या. एसटीतून दिगंबर एकटाच उतरला.

"तुझे वीस कुठंयत?"

"माझे? भाऊजी, तुमचे वीस?"

दोघं एकमेकांच्या मोबाइलकडे बघत राहिले.

"भाऊजी, मला रोज भित्रा म्हणणारा तो 'तलवार'... तुम्हीच?"

"आणि रफिकला काढ म्हणून माझ्या मागं लागलेला 'ढाण्या'?"

"सगळे वीस मीच, भाऊजी," दिगंबर म्हणाला.

मी मिसळीवरूनच दुकानात फोन केला. म्हणजे तासाभरात भिवंडीला कळलं.

परतताना शेठनी गाडीतून रफिकभाईला फोन लावला. "उद्यापासून ये रे. सेनेनं ठराव मागं घेतला. एकमतानं!"

पलीकडे रफिकभाई हसला.

"आता हूँ सेठ. बस, रजिस्टर ईमानदारी से लिखना. मेरी हाजरी एक ही लगाना!"