अक्काच्या कॉम्प्युटरवर लिनक्स

लिनक्सवाल्या मंडळींनो, ऐका. माझ्या बहिणीचं, अक्काचं, धुळ्यात टायपिंगचं दुकान आहे. तिच्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर आज लिनक्स टाकलं. त्याने डेस्कटॉपसाठी मॉनिटरची फ्रिक्वेन्सी, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला किती वेळा नव्याने काढायचं तो आकडा, विचारली; ती मी अंदाजाने भरली. पडदा काळा झाला आणि मॉनिटरच्या आतून बारीक शिट्टी येऊ लागली.

"बंद कर, जळी जाई ना तो!" अक्का ओरडली. मी प्लगच उपटला.

आकडा कमी करून, श्वास रोखून पुन्हा सुरू केलं. पडद्यावर खिडक्या उघडल्या, माउस हलला. अक्का खुर्ची पुढे ओढून बसली. मग म्हणाली, "पत्तास्ना खेळ शे का यामा?"

पत्त्यांचा खेळ होता. आता तिला गाड्यांची शर्यत हवी आहे. लिनक्सवर कोणी खरोखर चालवली असेल तरच त्या खेळाचं नाव सांगा, प्रयोग तिच्याच मशीनवर होणार आहे.