हाय तसं येऊ दे

अंबूबाईंच्या डंकावर राजारामपुरीतली निम्मी घरं वर्षाचं मसाला-तिखट, आमच्या भाषेत चटणी, कुटायला येतात. डंक म्हणजे लोखंडी मुसळांचं यंत्र. ते सुरू झालं की आमच्या गल्लीतून शिंकल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. उन्हाळ्यात बायका भाजलेली मिरची घेऊन नंबर लावतात आणि नंबर येईपर्यंत बाकड्यावर बसून गावाची धुणी धुतात. मीही त्यातलीच, पलीकडच्या घरात राहणारी.

अंबूबाई तोंडाने फटकळ. लिहिण्याचा मात्र त्यांना कंटाळा. त्यामुळे गिऱ्हाइकाचा फोन नंबर घेतला की मोबाइलवर माइकचं बटण दाबायच्या आणि तोंडाला येईल ते नाव बोलून मोकळ्या व्हायच्या. मोबाइल बिचारा जसंच्या तसं लिहून घ्यायचा. खोबरं घालताना हात आखडणारी बाई ‘खोबरं कमी’. तिच्या शेजारची ‘नाकात बोलणारी’. आमच्याकडं माणसाचं खरं नाव रेशनकार्डावर असतं, गल्लीत चालतं ते निराळंच. त्या मोबाइलमध्ये सगळी गल्ली निराळ्या नावांनी नांदत होती, आणि मोबाइल कायम अंबूबाईंच्या कमरेला असल्यामुळं कुणाला पत्ता नव्हता.

यंदा त्याची बॅटरी फुगली. मुलगा धैर्यशील टॅब घेऊन आला. जुन्यातलं सगळं नव्यात घालायचं काम सून अनुजानं अंगावर घेतलं. मोबाइल आणि टॅब शेजारी शेजारी ठेवून तिनं विचारलं, “आई, नावं एकदा बघून घेऊया का? जरा नीट लिहू.”

“काय नीट करतीस? हाय तसं येऊ दे की. एकबी गिऱ्हाईक गळाय नको.”

तसं सगळं आलं. जोतिबाच्या यात्रेचे फोटो आले, नातवाच्या बारशाचा व्हिडिओ आला, आणि नावं आली. अंबूबाईंचे हात दिवसभर तिखटात, कुणाचा फोन आहे ते बघायला पडदा पुसणार कोण? म्हणून फोन आला की टॅबनं नाव मोठ्यानं सांगायचं, अशी सोय अनुजानं करून दिली. स्पीकरही आपोआप सुरू होईल असं केलं, आणि टॅब भिंतीवरच्या फळीवर उभा केला.

पहिल्याच सकाळी तो बोलला, “खोबरं कमी यांचा कॉल आला आहे.” बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा स्वच्छ आवाज, वर ते ‘यांचा’. आम्ही ठसका लागेपर्यंत हसलो.

“मग खोटं हाय व्हय?” अंबूबाई म्हणाल्या आणि त्याही हसल्या. अनुजा तेवढी हसली नाही. रात्री बसून नावं बदलूया म्हणाली, तर त्यांनी तिला सीझन संपू दे म्हणून गप्प केलं. माझं नाव काय ठेवलंय ते विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, पण मी विचारलं नाही.

दुपारी तिशीतली एक बाई स्टीलचा डबा घेऊन आत आली. आईची चटणी न्यायचीय, तिला ठसका सोसत नाही म्हणून ती बाहेर रिक्षात बसलीय, असं म्हणाली. अंबूबाई कोपरापर्यंत तिखटात हात घालून चटणी चाळत होत्या. मान वर न करता त्यांनी नेहमीसारखं विचारलं, “कुणाची गं तू?”

आमच्याकडं नाव कुणी विचारत नाही, कुणाची ते विचारतात. तिनं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात टॅब वाजला.

“पळून गेलेलीची आई यांचा कॉल आला आहे.”

डंक नेमका बंद होता. डंकाच्या गिऱ्हाइकांत गौराबाई नावाच्या दोघी. एक शाहूपुरीतली. दुसरी लांबून रिक्षानं येणारी, तिच्या आम्ही कधी न बघितलेल्या मुलीनं घरच्यांना न सांगता लग्न केलं होतं, आणि तेव्हापासून गल्लीत या गौराबाईंची खूण तीच होती. अंबूबाईंनी पदराला हात पुसले, पण तिखटाच्या बोटांना पडदा दाद देईना. टॅबनं पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच आदरानं.

त्या बाईनं पडद्यावरचा नंबर बघितला. “माझ्या आईचा आहे,” ती म्हणाली, आणि तिनंच उचलला.

“अंबूबाई,” गौराबाईंचा आवाज सगळ्या डंकभर झाला, “माझी पोरगी आलीया बघा आत. लई वर्सांनी आलीया. जरा बघा की तिला.”

“आई, मीच बोलतेय. मिळाली चटणी. आलेच.”

तिनं फोन बंद केला, डबा भरून घेतला आणि गेली. बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. मला मान वर करवेना. अंबूबाई तर चाळण धरून तशाच उभ्या होत्या.

“अनुजा, ते नाव काढ आधी,” त्या म्हणाल्या.

“काय लिहू? नुसतं गौराबाई म्हणून शाहूपुरीच्या आहेतच. मुलीच्या नावानं लिहू, अमकीची आई म्हणून?”

अंबूबाईंना नाव आठवेना. त्यांनी बाकड्याकडं बघितलं. आम्ही एकमेकींकडं बघितलं. त्या पोरीवर इतकी वर्षं आम्ही तोंडसुख घेतलं, आणि एकीलाही तिचं नाव सांगता येईना. नाव न मिळाल्यामुळं ते तसंच राहिलं.

संध्याकाळी अंबूबाई माफी मागायला गौराबाईंच्या घराकडं निघाल्या आणि गल्लीच्या कोपऱ्यावरून परत आल्या. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं. त्यानंतर एका सकाळी मी मिरची टाकायला गेले असताना टॅबनं पुन्हा ‘पळून गेलेलीची आई यांचा’ म्हणून पुकारलं. अंबूबाईंनी बोटाच्या सांध्यानं बटण दाबलं.

“अंबूबाई, पोरगी काल गेली वो धारवाडला,” गौराबाई म्हणाल्या. “चटणी सगळी घिऊन गेली. म्हणत हुती, डंकावर तुमी लई मायेनं इचारपूस केलीसा. कुणाची तू म्हणून इचारलं म्हणं.”

म्हणजे तिनं आईला काही सांगितलं नव्हतं. अंबूबाईंनी डोळे मिटून घेतले.

“गौराबाई,” त्या म्हणाल्या, “पोरीचं नाव काय वो?”

“प्रेरणा,” गौराबाई म्हणाल्या. “ती गेल्यापास्नं मला कुणी तिचं नाव इचारलं न्हाई. तुमीच पयल्या.”

अंबूबाई ‘व्हय’ एवढंच म्हणाल्या. खरं काय झालं ते सांगायला त्यांचं तोंड उघडलं नाही. अंबूबाईंचं तोंड न उघडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.