ल्युटेशियमवाले अण्णा

एखाद्या धातूवर आमच्या वरच्या मजल्यावरच्या अण्णांइतका जीव टाकणारा माणूस बेंगळुरूच्या अख्ख्या बनशंकरीत सापडायचा नाही. सोन्यावर जीव टाकणारे पुष्कळ, त्यांत आमचं घरही आलं. अण्णांचा मात्र ल्युटेशियमवर. मूळचे निपाणीकडचे. आयुष्यभर एका प्रयोगशाळेत दुर्मिळ मृदा धातू एकमेकांपासून वेगळे करत बसले, आणि निवृत्तीनंतर ते लिफ्टमध्ये शिरले की शेजारी आपोआप वेगळे होऊन जिन्याकडे वळत. मला गुडघ्यांमुळे जिना वर्ज्य, म्हणून सगळं ज्ञान माझ्या वाट्याला आलं. "पंधरा भावंडांतलं शेंडेफळ, पण सगळ्यांत जड आणि कठीण," असं ते पहिल्याच भेटीत इतक्या कौतुकानं म्हणाले, की मी विचारलं, "सध्या काय करतो?"

"धातू आहे तो," अण्णा म्हणाले. "शाळेत रसायन नव्हतं का तुम्हाला?"

"होतं. पण आमचं पटलं नाही."

तरी त्यांनी मला सोडलं नाही. समस्थानिकं म्हणजे एकाच घरातली माणसं, स्वभाव तोच, फक्त वजन वेगळं, हे त्यांनी मला माझ्या मेव्हण्याशेजारी उभं करून समजावलं. निसर्गात ल्युटेशियमचे दोनच प्रकार. एकशे पंचाहत्तर वजनाचा एकदम स्थिर. एकशे शहात्तर किरणं सोडतो, पण इतका सावकाश की निम्मा संपायला विश्वाच्या वयापेक्षा जास्त काळ लागतो. "आमच्या सोसायटीच्या मीटिंगसारखा," मी म्हणालो. अण्णा हसले नाहीत.

मग माझा प्रोस्टेटचा कर्करोग हाडांपर्यंत गेला. आधीची औषधं थकल्यावर तरुण डॉक्टरीणबाईंनी नवा उपचार सुचवला, त्यात ल्युटेशियम होतं. "एकशे सत्त्याहत्तर ना? अणुभट्टीत बनवतात," मी म्हणालो. "सर, तुम्ही सायंटिस्ट का?" त्यांनी विचारलं, आणि जिवावर बेतलेलं असतानाही 'नाही' म्हणायला मी जरा वेळ लावला.

अण्णांना सांगितलं. मला वाटलं, खूश होतील. पण ते माझा हात धरून म्हणाले, "किरणं फार तर एक-दोन मिलिमीटर जातात. गाठीपुरतीच. आठवड्याभरात निम्मा जोर ओसरतो." आणि हात काही सोडला नाही.

औषध दिल्यावर काही दिवस माणसांपासून लांब राहायचं होतं. बायको दुसऱ्या खोलीत झोपायची, नातेवाईक फोनवरून धीर द्यायचे. अण्णा मात्र रोज संध्याकाळी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे.

"अण्णा, अंतर ठेवायचंय."

"ठेवलंय की. मला किती पोचतं ते मी बघतो. तुम्ही जरा स्वल्प आडवे व्हा."

आणि त्या दिवसांत त्यांनी ल्युटेशियमचं नावही काढलं नाही. निपाणीच्या तंबाखूच्या वखारी, गेलेली बायको, तिला न आवडणारं बेंगळुरूचं गोड सांबार, असलं काहीबाही बोलत राहायचे. माझा डोळा लागला तरी बोलणं चालूच असायचं.

आजार गेला नाही, पण दबला. अण्णांना मुलीनं शहराच्या दुसऱ्या टोकाला, सर्जापूर रोडला नेलं. आता त्यांना ऐकू कमी येतं. मी फोनवर ओरडून माझे रिपोर्ट सांगतो आणि ते पलीकडून कानडीत "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत राहतात. काय ऐकतात, देव जाणे. मी मात्र सगळं सविस्तर सांगतो.