सासऱ्यांचा टाक

ताटलीतले सहा टाक देवांचे होते. सातवा टाक नव्हताच. ते ग्रीकांचं चांदीचं नाणं होतं!

टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवाची किंवा घरातल्या गेलेल्या माणसाची प्रतिमा. घरात लग्न निघालं की टाक सोनाराकडे उजळायला येतात. फारच झिजला असेल तर वितळवून त्याच चांदीचा नवा करायचा. प्रकाशा गावच्या एक आजीबाई नातीच्या लग्नासाठी शहाद्याला माझ्या दुकानात त्याच कामाला आल्या होत्या.

मी चाळीस वर्षं सोनारकाम करतोय आणि त्यातली तीस वर्षं जुनी नाणी जमवतोय. दोन हजार वर्षांपूर्वी वायव्येकडे ग्रीक राजे होते, त्यांचं हे नाणं. त्याला द्राख्म म्हणत; आपला 'दाम' तिथूनच आला. व्यापारातून ही नाणी भडोचपर्यंत यायची, मग तापीकाठी का येऊ नयेत, या आशेवर मी आयुष्य काढलं. बायको म्हणायची, "माझ्यासाठी कधी एवढी वाट बघितली नाही!"

"माय, हे कुठून आणलं?"

"हाऊ मन्हा सासरा शे."

नाणं सासऱ्यांनाच नांगरताना सापडलं होतं. सासरे वारल्यावर घरच्यांना नाण्यावरच्या राजाचं नाक त्यांच्यासारखं वाटलं. झालं, राजा देवघरात! दर दिवाळीला चिंच आणि राखेनं घासून त्याचं नाक पार सपाट केलेलं.

"माले दिखत नही, भाऊ. हात फिरावस तं नाक बी लागत नही. नवा बनाई दे. चांदी मात्र तीच टाकजो."

एवढं सांगून त्या समोर बांगड्या बघायला गेल्या.

तेवढ्याच वजनाची चांदी माझ्या पेटीत होती. अदलाबदल केली असती तर कोणाला कळणार होतं? नाणं तळहातावर घेऊन बसलो. कडेची तीन ग्रीक अक्षरं अजून शाबूत होती. जीव नुसता तुटत होता. त्या येईपर्यंत मी गॅस पेटवलाच नाही.

आल्यावर सगळं खरं सांगितलं. "माय, वितळवायला सांगू नका. हे मला द्या, मी दुप्पट चांदीचा टाक करून देतो."

त्या हसल्या. "भाऊ, सासराले कोनी बदली लेस का?"

शेवटी मी गॅस पेटवला. नाणं मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या वाटीत, ठेवलं. आधी अक्षरं गेली, मग चेहरा. त्याच चांदीचा पत्रा करून मी नाक चांगलं ठसठशीत उठवलं.

मायनी त्यावरून अंगठा फिरवला आणि चटकन डोक्यावरून पदर ओढून घेतला.

मी अजून हळहळतो. नाण्याची पारख मला आहे, पण सासरा कोणता ते सुनेलाच विचारावं लागतं.