दोनदा धुतलेले पाय

ती घटना आजही आठवते, पण चारचौघांत सांगायचं मी आजवर टाळलं. कारण त्या प्रकरणात संशयी नवरे दोन होते. एक तक्रारदार, आणि दुसरा त्याची तक्रार लिहून घेणारा मी.

निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. डोंबिवली पश्चिमेच्या एका पोलीस ठाण्यात मी वरिष्ठ निरीक्षक होतो. कुणाचं नाव लिहीत नाही. माणसं अजून इथेच राहतात, बाजारात भेटतात.

सोमवारची सकाळ होती. हजेरी संपत आली होती तेवढ्यात एक गृहस्थ आले. पंचेचाळिशीचे, ठाणे शहरात राहणारे, मोठ्या कंपनीत इंजिनिअर. कपडे इस्त्रीचे, बोलणं मुद्देसूद. मुद्देसूद तक्रारदार आला की पोलिसाला बरं वाटतं, आणि तिथेच तो फसतो.

त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्याकडे छोटी शिडाची फायबरची होडी. हौसेने घेतलेली. रविवारी पहाटे नवरा-बायको ठाण्याहून खाडीने कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापर्यंत जायला निघाले. वारा पडला, भरती उलटली आणि कोपरच्या पुढे पाण्याखाली रोवलेल्या जुन्या लाकडी मेढीवर होडी आपटली. तळाला चीर गेली. नाइलाजाने त्यांनी होडी काठाला लावली. पाणी ओसरलं आणि होडी चिखलात कलती होऊन बसली. आता पुढची भरती येईपर्यंत मुक्काम तिथेच.

काठावरच्या पाड्यात होड्या दुरुस्त करणारा एक माणूस राहत होता. पूर्वी रेतीच्या बोटीवर होता, आता फायबरचं काम करायचा. तो मदतीला आला, आणि बाईंना बघून थबकला. दोघं डोंबिवलीच्या एका शाळेत एकाच वर्गात होते. त्याने चीर बुजवली, घरी नेऊन जेवू घातलं. चारच्या सुमारास पाणी चढलं तसे हे दोघे कल्याणकडे निघाले. दहा मिनिटांत होडी भरली आणि उलटली. नवऱ्याला पोहता येत होतं. बायकोला येत नव्हतं, आणि उकडतंय म्हणून तिने लाइफ जॅकेट काढून ठेवलं होतं. मासेमारीच्या बोटीने तिला बाहेर काढलं तेव्हा ती बेशुद्ध होती. आता इस्पितळात होती.

"त्याने मुद्दाम केलं, साहेब," गृहस्थ म्हणाले. "जेवण झाल्यावर दोनच्या सुमारास तो एकटाच होडीकडे गेलेला मी ओट्यावरून पाहिला. त्याला मला बुडवायचं होतं. तिच्याशी कसा बोलत होता, ते तुम्ही ऐकायला हवं होतं."

होडी ओढून आणली होतीच. पंचनाम्यात तळाचं ठिगळ एका कडेने उचकटलेलं निघालं. टोकदार हत्याराचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. म्हणजे कुणीतरी ते मुद्दाम काढलं, यात शंका नव्हती. मी त्या कारागिराला उचलून आणला.

उंच, काळासावळा, शांत माणूस. हात मात्र बघण्यासारखे होते, लांब बोटांचे, कामाने घट्ट झालेले. ते हात बघितले आणि मला तो आवडेनासा झाला. आज लिहितोय म्हणून खरं लिहितो. त्याला मी हत्याराबद्दल विचारायच्या आधी विचारलं, "शाळेत असताना तुझं काय होतं तिच्याशी?"

"काय असणार, साहेब? ती हुशार होती. मी चार दिवस शाळेत, तीन दिवस बापाबरोबर खाडीत. गणिताची वही ती मला द्यायची."

"आणि काल तीस वर्षांनी भेटल्यावर?"

"मी म्हटलं, तुझी एक वही माझ्याकडे राहिलीय. ती हसली. एवढंच झालं."

"एवढंच?"

"साहेब, नवरा बाजूलाच बसलेला. अजून काय होणार?"

दोन तास मी त्याच जागी घुटमळत राहिलो. उत्तर तेच यायचं आणि दर वेळी मला ते खोटं वाटायचं.

का वाटायचं, ते सांगतो. त्याआधी काही वर्षं माझी बायको गाण्याच्या क्लासला जायची. पेटीवाले मास्तर परतताना तिला स्कूटरवरून गल्लीच्या तोंडाशी सोडायचे. घरी आली की म्हणायची, "मास्तरांचा हात काय गोड आहे हो पेटीवर!" माझ्या हाताचं असं कौतुक तिने कधी केलं नव्हतं. माझ्या हातात काठी असायची. एके दिवशी मी मास्तरांना पोलीस ठाण्यात बोलावलं. भाडेकरूंची पडताळणी चालू आहे, असं कारण दिलं. दीड तास बाकावर बसवलं, कुणी काही विचारलं नाही. मग चहा पाजून सोडलं. दुसऱ्याच दिवसापासून क्लास बंद झाला. बायको म्हणाली, मास्तरांना वेळ नाही. मला हायसं वाटलं. तिला यातलं काही ठाऊक नाही, असं मी धरून चाललो होतो.

कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. मला तर दुसरा कावीळवाला भेटला होता, आणि आम्ही दोघं मिळून तिसऱ्याला पिवळं ठरवत होतो.

दुसऱ्या दिवशी आमची महिला हवालदार केबिनमध्ये आली. ती कोपरचीच, लोकांना ओळखणारी. "सर, त्या कारागिराची आई कालपासून बाहेर बसलीय. ती रडत नाहीये. काहीतरी सांगायचंय तिला. एकदा ऐका ना."

म्हातारी आत आली. हातात पोराच्या जेवणाचा डबा. खुर्चीवर बसेना.

"साहेब, येत्या रविवारी माजे नातीचा साखरपुडा हाय. पोराकडच्यांचे दोन फोन आयले. इचारतान, बाप घरान का नाय, कनचे बाईचा काय भानगड हाय. मी काय सांगू?"

"आजी, कायद्याचं काम आहे. तुमच्या मुलाला लोकांनी होडीकडे जाताना बघितलंय."

"कनी बगला? त्या पाव्हन्यानं? बरा. मग मना एक सांगा. त्या पाव्हन्यानं पाय दोनदा कशाला धुतलं?"

मला कळलं नाही. तिने समजावून सांगितलं. त्यांच्याकडे चिखलातून आलेल्या माणसाला ओट्यावर घेण्याआधी पायांवर पाणी देतात. रविवारी दोघं पाहुणे आले तेव्हा तिने दिलं. पोरगा चीर बुजवून, हत्यारं आवरून मागून आला, त्यालाही दिलं. सगळे जेवले. मग बाई आणि पोरगा ओट्यावर जुन्या गोष्टी काढून बसले. पाहुणा 'फोटो काढून येतो' म्हणून उठला, आणि परत आला तो मागच्या दाराने. पिंपाजवळ उभा राहून त्याने आपल्या हाताने पाणी घेतलं.

"नळाला दिवसाआड पानी येतं, साहेब. पिंपातून कनी किती तांबे घेतलं, मना बरोबर ठावं असतं. त्यानं सात वतलं. मांडीपर्यंत चिखल व्हता. माजे पोराचे पाय सुके व्हते."

मी विचारलं, "काल का नाही सांगितलंत?"

"काल तुमी इचारला का?"

काल मी तिला फाटकापाशी बघितलं होतं. बघून पुढे गेलो होतो.

तिचा शब्द म्हणजे आईचा शब्द, कोर्टात तेवढ्यावर भागत नाही. म्हणून पंच घेऊन काठावर गेलो. रविवारी दोन वाजता जेवढं पाणी होतं तेवढंच आज कधी असेल, ते म्हातारीनेच बोटांवर तिथी मोजून सांगितलं, साडेतीनला. बरोबर साडेतीनला मी एका धडधाकट शिपायाला, होडी जिथे बसली होती तिथवर चालत जायला सांगितलं. दहाव्या पावलाला तो मांडीपर्यंत रुतला. होडीपर्यंत जाऊन कोरड्या पायांनी परत येणं कुणालाच शक्य नव्हतं.

तिथून तडक इस्पितळात गेलो. बाई शुद्धीवर येऊन दीड दिवस झाला होता. त्यांचा जबाब मी आधी घ्यायला हवा होता. नवऱ्याने सांगितलंय म्हटल्यावर बायकोला काय विचारायचं, अशा हिशेबाने तो मागे राहिला होता.

बाई म्हणाल्या, "तो माझ्यासमोरून उठलाच नाही. त्याची आई आणि मी साक्षीला आहोत. हे परत आले तेव्हा पँट ओली होती. मी विचारलं तर म्हणाले, नळ उडाला." मग त्यांनी मलाच विचारलं, "साहेब, एका घरात दोन बायका, एक पुरुष, भर दुपारी ओट्यावर बसलेले. तरी तुम्हाला ह्यांचंच खरं का वाटलं?"

मी जबाबाचा कागद सहीसाठी त्यांच्यापुढे केला.

संध्याकाळी गृहस्थांना बोलावलं. ते आधीच्याच ऐटीत आले. आरोपपत्र कधी जाणार, असं विचारू लागले. मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, "पिंपातले सात तांबे कशासाठी लागले?"

चोराच्या मनात चांदणं असतं. त्यांनी पिंप कुठलं, असंसुद्धा विचारलं नाही. सरळ रडायला लागले, मोठ्याने.

"मला तिला बुडवायचं नव्हतं, साहेब. आईशप्पथ. थोडंसंच पाणी यायला हवं होतं. त्याचं काम कच्चं आहे, एवढंच तिला दिसायला हवं होतं. होडी घेतल्यावर मी चार महिने खपून शीड बसवलं, तिने कधी शिडाला हात लावून बघितलं नाही. आणि तो ठिगळ लावत होता तर ही चिखलात उभी राहून बघत होती. म्हणाली, काय हात आहे रे तुझा!"

जवळपास हेच शब्द माझ्याही घरात बोलले गेले होते. त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता, माझ्या हातात पोलीस ठाण्याचा बाक. एवढाच काय तो फरक.

होडीच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर जप्त झाला. त्याच्या पात्याला ठिगळाची राळ चिकटलेली होती. गृहस्थांवर जीव धोक्यात घातल्याबद्दल आणि खोटी फिर्याद दिल्याबद्दल गुन्हा दाखल केला. बाई इस्पितळातून सुटल्या त्या डोंबिवलीत आईकडे गेल्या. कारागिराला मी स्वतः गाडीतून पाड्यावर सोडलं आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक पोलिसांची होती. साखरपुडा ठरल्या दिवशी झाला. म्हातारीने मला बोलावलं नव्हतं, तरी मी गेलो. दारात तिने माझ्या पायांवर तांब्याने पाणी घातलं. पाय स्वच्छ होते, तरी घातलं.

त्या संध्याकाळी घरी चहा पिताना बायकोला सगळं प्रकरण सांगितलं. सांगून झाल्यावर कप खाली ठेवला आणि म्हटलं, "एक गोष्ट तुला सांगायची राहून गेलीय. ते पेटीवाले मास्तर..."

"बाकावर बसवलं होतंत," ती म्हणाली. "दीड तास. माहीत आहे मला."

"कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मास्तर दारात आले होते. आत नाही आले. खाली बघून म्हणाले, वहिनी, उद्यापासून मला जमणार नाही."

"मग तू एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"बोलून काय झालं असतं? पुढच्या वेळी अजून कुणाला तरी बसवलं असतंत. म्हणून मी गाणंच सोडलं."

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो जबाब घेतले. इतका सरळ जबाब कधी ऐकला नव्हता, आणि तो लिहून घ्यायला माझ्याकडे कागद नव्हता. तरुण अधिकारी भेटतात, चार अनुभवाचे बोल सांगा म्हणतात. मी एकच सांगतो. तक्रारदाराचं म्हणणं पुराव्याआधीच मनाला पटायला लागलं, तर आधी स्वतःचा जबाब घ्या. ते मान डोलावतात आणि निघून जातात.

निवृत्तीच्या पैशांतून मी बायकोला नवी पेटी आणून दिली. मास्तरांनाही शोधलं, ते आंबिवलीला राहत होते. घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा दिला. पेटी आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. बायको तिच्यावरची धूळ नियमाने पुसते. गा म्हटलं तर म्हणते, "आता नाही हो आवाज लागत."